अथेन्सचं उत्तर आणि मंडळाची सभा

कांचनताई कराडच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवत होत्या. आता त्या अमेरिकेत, टेक्सासमधल्या फ्रिस्कोत मुलाकडे, केदारकडे, राहतात. गाडी चालवता येत नाही, म्हणून घराबाहेर पडायचं ते दुसऱ्याच्या सवडीनं. त्यांचा स्वतःचा म्हणावा असा दिवस एकच, रविवार. तिथल्या मराठी मंडळाची व्हॅन यायची, आठ-दहा म्हातारी माणसं हॉलवर जमायची, भजन व्हायचं, चहा व्हायचा.

हे सगळं बसवलं अध्यक्ष प्रल्हादकाकांनी. मंडळात निर्णय हात वर करूनच होत, पण त्याआधी काका खडसवायचे, "बोलणारा गोड बोलला म्हणून हात वर करू नका." कोविडमध्ये काका गेले. आणखी तिघं गेली. भजन तेवढं टिकलं.

परवा सभेला जाताना गाडीत नात रुही म्हणाली, "आजी, उद्या टेस्ट आहे. अथेन्स वीक का झालं? प्लेगमुळे?"

"नुसत्या प्लेगनं नाही गं. स्पार्टाशी लढाई होती, म्हणून त्यांच्या पुढाऱ्यानं, पेरिक्लिसनं, खेड्यातल्या लोकांनाही तटाच्या आत आणलं. त्या दाटीत साथ पसरली, माणसं पटापट मेली. मग तोही गेला. लोकांना न आवडणारं तोंडावर सांगायची त्याची ताकद होती. मागून आलेले लोकांना आवडेल तेच बोलायचे, आणि लोक हात वर करायचे."

"सो डम्."

"चांगली शहाणी माणसं होती ती."

सभेत नवा अध्यक्ष परीक्षित म्हणाला, "यंदा गणपतीत मोठा डान्स शो करू. रविवारी हॉल आणि व्हॅन प्रॅक्टिसला लागेल, भजनाचं दिवाळीनंतर बघू. काका-काकू, नातवंडं स्टेजवर बघायचीत ना?"

टाळ्या पडल्या. पहिला हात पेटी वाजवणाऱ्या पुरुषोत्तमकाकांचाच. मग एकेक सगळ्या म्हाताऱ्यांचे.

कांचनताईंना उठून म्हणायचं होतं, आपण आपलाच रविवार देऊन टाकतोय. रुहीनं कोपरानं ढोसलं. "आजी, प्लीज. माझा सोलो आहे."

त्यांनी हात वर केला.

पुढच्या रविवारी केदार रुहीला घेऊन प्रॅक्टिसला गेला. कांचनताई देवापुढे बसल्या. टाळ वाजवत अभंगाची पहिली ओळ म्हटली आणि सवयीनं थांबल्या, मागचे उचलतील म्हणून. मग ती ओळ त्यांनीच पुन्हा म्हटली.