मागून चालणारा माणूस

"व्हा समोर. मी आहो मांगं."

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या दारात, एस.टी.त चढताना, कुठंही असो, तो बाजूला सरकायचा, उजवा हात पुढं करून वाट मोकळी करून द्यायचा आणि हे वाक्य म्हणायचा. सगळे गेले की मग आपण निघायचा. त्याच्या या सवयीपायी बुफेत त्याच्या वाट्याला नुसता वरणाचा तळ येई. नवख्या माणसाला वाटे, काय हा सज्जनपणा! तुमच्याही ओळखीत असे एखाद-दोन सज्जन असतील. पण याचा सज्जनपणाशी काही संबंध नव्हता. तो वनरक्षक होता. रानातल्या पायवाटेनं माणसं एकामागं एक चालली की जनावर शेवटच्याला उचलतं, असा त्याचा अनुभव होता. नोकरीच्या सुरुवातीला त्यानं ते एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून जिथं जाईल तिथं शेवटचा माणूस तोच.

"भाऊ, ही बँक आहे," मी म्हणायचो.

"सवय मोडली का जंगलातबी मोडते," तो म्हणायचा आणि मलाच पुढं ढकलायचा.

चंद्रपूरच्या ज्या टोकाला आमची कॉलनी संपते, तिथं माझं तिकिटांचं दुकान आहे. पलीकडं नाला आणि नाल्यापासून काटेरी बाभळीचं रान. रेल्वेचं आरक्षण, बोधगया-लुंबिनीच्या सहली, फार तर तिरुपती, एवढाच माझा पसारा. चार घरं सोडून तो राहायचा. ड्यूटी नसली की संध्याकाळी "जयभीम भाऊ" करत यायचा आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसायचा. तीच खुर्ची हवी, कारण तिथून दार दिसे आणि पाठीला भिंत असे. एकदा त्या खुर्चीत एक गिऱ्हाईक बसलं होतं, तर हा अर्धा तास उभा राहिला, पण दाराकडं पाठ करून बसला नाही.

वाघाला तो कधी वाघ म्हणाला नाही. "तो" म्हणायचा. "तो काल नाल्यात उतरला होता." एवढ्या साध्या आवाजात म्हणायचा, की एखादा चुलत मेव्हणा येऊन गेला असं वाटावं. मग आम्ही सगळे दोन दिवस पोरांना अंगणातसुद्धा सोडत नसू.

या माणसानं एके दिवशी बायकोला घेऊन दुकानात यावं आणि "आमाले युरोपले जाचं आहे" असं म्हणावं, हे मला झेपायला जरा वेळ लागला.

लेक पुण्याला नोकरीला होती. आईबापाच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात म्हणून तिनं दोघांना पाठवायचं ठरवलं होतं. लग्न भीमजयंतीनंतरच्या आठवड्यातलं, म्हणजे ऐन मोहफुलांच्या हंगामातलं. तेव्हा बाया अंधार फिटायच्या आत मोहाखाली जातात, वाकून फुलं वेचतात, आणि वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही. या दिवसांत वनरक्षकाला रजा कुठली? हळदीच्या अंगानंच तो ड्यूटीवर गेला होता. पुढं एकही लग्नाचा वाढदिवस त्यानं घरी काढला नाही. यंदा साहेबांनी रजा मंजूर केली होती. एप्रिलच्या अखेरीस, हंगाम उतरला की निघायचं.

"कुठं?" मी विचारलं.

"हॉलंड," तो म्हणाला.

"जर्मनी," वहिनी म्हणाल्या.

आणि दोघं एकमेकांकडं न बघता माझ्याकडं बघत राहिले.

झालं असं होतं, की लेकीनं मोबाइलवर दोन फोटो पाठवले होते. एक हॉलंडच्या ट्युलिपच्या शेतांचा, दुसरा जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टचा. दोन्ही ठिकाणं धरली तर धावपळ होईल, एकच निवडा, असं तिनं बजावलं होतं. तो शेतांवर बसला होता आणि वहिनी जंगलावर.

वहिनी अंगणवाडीत होत्या. माहेर धानोऱ्याकडचं, जंगलाला लागून. लहानपणी मोह, चारोळीची चारं, तेंदू सगळं वेचलेलं. लग्न झालं आणि नवऱ्यानं त्यांचं जंगल बंद केलं. माहेरी गेल्या तरी गावाच्या शिवेबाहेर पाय टाकायचा नाही.

"मले जंगलात फिराचं आहे भाऊ," त्या म्हणाल्या. "भीती न वाटता. सकाळी, पायी. पंचवीस वर्षं झाली, मी जंगल गाडीच्या काचेतून पाहून राह्यली."

मी माझ्या मोठ्या पडद्यावर हॉलंड लावलं. लाल, पिवळे, जांभळे पट्टे आभाळापर्यंत गेलेले. तो खुर्चीतून पुढं वाकला. इतकं खुश झालेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"पाहा. फुलं गुडघ्याएवढी. सपाट. कुठी लपाले जागाच नाई."

"फुलं पाहाची का लपाची जागा?" वहिनी म्हणाल्या.

मग मी ब्लॅक फॉरेस्ट लावलं. उंच, काळपट झाडं, मधून एक पायवाट, खाली शेवाळ. वहिनींचा चेहरा उजळला. तो मात्र उठून पडद्याजवळ गेला आणि झाडांच्या मधल्या अंधारावर त्यानं बोट ठेवलं.

"हे मोठं करा."

मी मोठं केलं.

"अजून. हे काय आहे?"

तिथं काहीतरी ठेंगणं, काळं दिसत होतं. मोठं करकरून पाहिलं तर ते एका तोडलेल्या झाडाचं खोड निघालं. तरी त्यानं बोट काढलं नाही. नेमकी त्याच वेळी बाहेर नाल्याकडून वानरं ओरडायला लागली. वाघ दिसला की वानरं तशी ओरडतात; तुम्ही आमच्याकडचे असाल तर तो आवाज तुम्हाला सांगायला नको. भर दुपारच्या चार वाजता माझ्या हातांवर काटा आला. तो दारापर्यंत गेला, नाल्याकडं बघत उभा राहिला आणि आवाज थांबेपर्यंत हलला नाही.

"अहो, तिथी वाघ नाई," वहिनी हळूच म्हणाल्या.

"नाई म्हणतात," तो म्हणाला. "इथी बी कॉलनीत नाईच म्हणत होते."

महिनाभर हे चाललं. रोज एक नवा प्रश्न. तिथं गवत केवढं वाढतं? पायवाटेवर माणसं सुटी चालतात की जथ्यानं? शेवटी कोण असतं? मी तरी कुठं युरोप पाहिला होता! इंटरनेटवर शोधून सांगायचो. लांडगे काही भागांत परत आलेत असं एकदा माझ्या तोंडून निघालं आणि जर्मनीचा निकालच लागला. वहिनींनी वाद सोडून दिला. "चला हॉलंड," म्हणाल्या. हॉलंडचा व्हिसा झाला. कॉलनीभर ट्युलिपची चर्चा सुरू झाली. मी वहिनींना म्हटलं, छान होईल, फुलं फार सुंदर असतात. "हो ना," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या. तो दारात बाजूला सरकला, हात पुढं केला. त्या पुढं झाल्या. हा मागं.

मार्चमध्ये मोह गळायला लागला. त्या आठवड्यात तो एकटाच दुकानात आला. चहा घेतला नाही.

"ते जर्मनी होऊ शकते काय अजून?"

मी वेडाच झालो. म्हटलं, भाऊ, हंगाम डोक्यावर आला, आता काय नवीन काढलंत?

तो आपल्या खुर्चीत बसला. मग सांगायला लागला. रविवारी दोघं तिच्या माहेरी गेले होते. रस्त्याच्या कडेला, थोडं आत, तिचा लहानपणचा मोह. खाली फुलांचा सडा पडलेला. तिनं गाडी थांबवायला लावली. उतरून रस्त्याच्या काठावर उभी राहिली आणि यानं काही म्हणायच्या आत म्हणाली, "नाई जात." मग काठावर पडलेलं एकच फूल उचललं, वास घेतला आणि गाडीत येऊन बसली.

"हट्ट केला असता तं मी रागावलो असतो," तो म्हणाला. "तिनं विचारलं बी नाई. माह्या भीतीपायी माह्या बायकोचं जंगल गेलं भाऊ. 'त्यानं' नाई नेलं ते. मी नेलं."

व्हिसा हॉलंडचा असला तरी शेजारच्या देशात चालतो, हे मी त्याला सांगितलं. दोन-तीन दिवस जंगलाला काढता येतील. त्याचा चेहरा एकदम पोरासारखा झाला.

"मंग काढा. पण तिले सांगू नका. तिथी गेल्यावरच पाहीन ती."

"आणि लांडगे?"

"मी आहो ना मांगं," तो म्हणाला.

मला त्या वेळी हसू आलं. जाताना त्यानं नेहमीप्रमाणं मला आधी पायरी उतरायला लावली. रान तापलं होतं, नाल्यातलं पाणी आटून डबक्याएवढं राहिलं होतं, आणि कॉलनीची कुत्री दोन दिवस भुंकली नव्हती.

पुढचं मी मोह वेचणाऱ्या बायांपैकी एकीच्या तोंडून ऐकलं. ती आमच्या कॉलनीत धुण्याभांड्याला येते, गाव जंगलाला लागून. सकाळी मोह वेचून त्या ओळीनं परत निघाल्या होत्या. तो रोजच्यासारखा मागं. एका म्हातारीला चालवत नव्हतं. भरलेली टोपली डोक्यावर घेऊन ती सारखी मागं पडत होती, म्हणजे शेवटची होत होती. त्यानं तिला दोनदा पुढं काढलं, ती पुन्हा मागं. शेवटी त्यानं तिची टोपली घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

ज्यानं डोक्यावर ओझं वाहिलं आहे, त्याला कळेल. टोपली डोक्यावर असली की मान वळत नाही.

"व्हा समोर बाई, मी आहो मांगं, म्हणे," ती बाई सांगत होती. "आमी समोर झालो. आवाजच नाई आला जी. नाल्यापाशी आलो, मांगं पाह्यलं, तं कोणीच नाई. वाटेवर फुलं सांडली होती नुसती."

कॉलनीत त्याला आणलं तेव्हाचं मी काही लिहिणार नाही. त्रिशरण झालं, माणसं पांगली. वहिनी भिंतीकडं बघत बसल्या होत्या. मला त्याचं गुपित सांगायचं होतं, पण त्या दिवशी सांगितलं नाही. नंतर पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याच्या स्मरणाच्या दिवशी सांगितलं. वहिनी, शेवटी त्यानं जर्मनीचं जंगल धरलं होतं. तुमच्यासाठी.

त्या रडल्या नाहीत. "मंग तिथी बी मांगंच चालले असते," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वर्षी, मोह गळायला लागल्यावर, त्या दुकानात आल्या. सोबत लेक. लेक म्हणाली, बाबांना आवडली होती ती फुलं बघू या. वहिनी म्हणाल्या, "जंगल."

परत आल्यावर माझ्यासाठी तिथला चॉकलेटचा डबा घेऊन आल्या आणि त्याच्या खुर्चीत, भिंतीला पाठ लावून बसल्या. पहाटे उठून दोघी पायी निघाल्या होत्या म्हणे. पाखरं होती. ओल्या मातीचा वास आपल्यासारखाच. लेक सारखी म्हणे, आई, पुढं ये, इथं काही नाही.

"मी म्हणलं, तू हो समोर. मी आहो मांगं." बोलता बोलता त्यांचा उजवा हात आपोआप पुढं झाला होता. "मले ते चालता चालता समजलं भाऊ. आपण मस्त समोर पाहून चालतो. अन् ह्या माणसानं जलमभर जंगलात काय पाह्यलं, तं लोकाईच्या पाठी."

मग त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. लेकीनं पुढून काढलेला फोटो. पायवाट, उंच काळपट झाडं आणि एकट्या वहिनी, पांढरं लुगडं, त्यावर लेकीचं जाड जाकीट. हसत होत्या. छान आलाय, म्हणायला मी तोंड उघडलं, पण माझी नजर त्यांच्या पाठीमागं गेली होती, झाडांच्या मधल्या अंधारात. माझी बोटं न सांगता फोटो मोठा करायला लागली. अजून मोठा. अजून.

वहिनींनी माझ्या हातातून मोबाइल हळूच काढून घेतला.

"नका पाहू भाऊ," त्या म्हणाल्या. "मी लय वेळा पाह्यलं. मांगं कोणी नाई."