केसरीनाथ विषय काढत नाही

भिवंडीजवळच्या वळ गावात कोणाला गोदाम भाड्याने द्यायचे असले की लोक केसरीनाथ भोईरला बोलावत. तो दलाल होता आणि चांगला दलाल होता. त्याची पद्धत ठरलेली होती. पहिल्या भेटीत गोदामाचे नाव काढायचे नाही. पाणी प्यायचे, घरातल्या म्हातारीचा गुडघा कसा आहे ते विचारायचे, निघताना छपराकडे सहज बघायचे आणि चालू पडायचे. दुसऱ्या भेटीत चहा आणि जत्रेचा विषय. तिसऱ्या-चौथ्या भेटीला मालकच चुळबुळ करायला लागतो आणि म्हणतो, "मग त्या गाळ्याचा काय?" ज्याने विषय आधी काढला त्याचा भाव पडला, हे केसरीनाथला वडिलांनी शिकवले होते.

याच पद्धतीमुळे तो ख्रिस्ती झाला. एका लहानशा प्रार्थनामंडळाला पोटमाळ्यावरचा हॉल हवा होता. भाडेकरू कसे आहेत ते बघावे म्हणून केसरीनाथ त्यांच्या रविवारच्या सभेला जाऊन बसू लागला. हॉलचा विषय त्याने काढला नाही. त्यांनी धर्माचा काढला नाही. असे बरेच रविवार गेले. हॉल दुसऱ्याच कोणाला गेला, तरी केसरीनाथ सभेला जातच राहिला. आपण आता कशासाठी जातो, हे त्याने स्वतःलाही बरेच दिवस विचारले नाही. पुढे बाप्तिस्मा झाला. तो दारू पीत नव्हता, पत्ते खेळत नव्हता, त्यामुळे सोडायला काही नव्हते. बायको मृणाली त्याच्याबरोबर गेली नाही आणि आडवीही आली नाही. रविवारचा पांढरा शर्ट मात्र ती आदल्या दिवशी इस्त्री करून ठेवी.

मंडळाने त्याला मिशनरी प्रशिक्षणासाठी केनियाला पाठवायचे ठरवले, तेव्हा चुलतभाऊ मनोज ओट्यावर येऊन बसला.

"तिकडं गोदामं हायेत का रं?"

"असतील."

"मंग झाला. महिन्याभरान परत येशील. गिऱ्हाईक सोडून तुला करमलाय कवा?"

आई राहीबाई तांदूळ निवडत होती. मुलाने देव बदलला हे तिला मान्य नव्हते आणि ते तिने सगळ्या आळीला ऐकू जाईल असे सांगून झाले होते. पण अर्धवट काम तिला त्याहून मान्य नव्हते.

"चाल्लास त पुरा करून ये," ती सुपावरून नजर न उचलता म्हणाली. "अर्ध्यावरून हाकललाय म्हणून आलास, त माझ्या दारान पाय ठेवू नको."

केनियातले प्रशिक्षण केंद्र एका टेकडीवर होते. पहाटे घंटा व्हायची, मग प्रार्थना, मग झाडलोट. जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा असे. त्याला उगाली म्हणतात. केसरीनाथने तो बोटांनी मोडून पालेभाजीबरोबर खाल्ला आणि तांदळाच्या भाकरीचा लांबचा नातलग म्हणून मान्य केला. थंडीचे त्याला आश्चर्य वाटले. आफ्रिकेत स्वेटर लागेल असे वळ गावात कोणीच बोलले नव्हते. इंग्रजी त्याला कामापुरते येत होते: कंटेनर, लीज, डिपॉझिट, लोडिंग. बायबलात यातले फारसे काही नव्हते, पण हळूहळू जमले.

मग प्रत्यक्ष काम सुरू झाले. दुपारी दोघा-दोघांनी गावात जायचे आणि घरोघरी प्रभूविषयी बोलायचे. केंद्राचे प्रमुख ओकेलोसर यांनी नियम सांगितला. "दार उघडलं की आपण कोण आणि कशासाठी आलो, हे आधी सांगा. लपवाछपवी नको. हे ज्याला जमणार नाही, त्याला आम्ही घरी पाठवतो."

केसरीनाथची जोडीदार चिलेशेबाई झांबियातल्या शाळामास्तरीण होत्या. त्यांचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा होता. पहिलेच घर किमानीबाबांचे होते. म्हाताऱ्याने अंगणात खुर्च्या मांडल्या. चिलेशेबाईंनी बोलायला तोंड उघडले, तेवढ्यात केसरीनाथ म्हणाला, "निळा पत्रा नवीन टाकलेला दिसतो."

किमानीबाबा खूश झाले. पत्र्याची जाडी, गंज, वाऱ्याने उडालेला जुना पत्रा असे सगळे निघाले. त्यात दुपार गेली.

परत येताना चिलेशेबाई म्हणाल्या, "आपण पत्रे विकायला आलो होतो का?"

"पहिली भेट होती."

"बाकीच्या जोड्या पाच-पाच घरं करून आल्या!"

"दारातूनच परत पाठवलं असेल त्यांना."

"पण बोलून परत आल्या. आपण चहा पिऊन परत आलो."

दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तिसऱ्या दिवशी चिलेशेबाईंनी जोडीदार बदलून मागितला आणि त्या दुसऱ्या जोडीत गेल्या; केसरीनाथ एकटाच उरला. शनिवारच्या सभेत प्रत्येकाला उभे राहून आठवड्याचे काम सांगावे लागे. केसरीनाथची पाळी आली.

"कोणाशी बोललात?" ओकेलोसरांनी विचारले.

"किमानीबाबांशी."

"प्रभूविषयी काय म्हणाले ते?"

"विषय निघाला नाही."

"मग काय निघालं?"

"पत्रे. आणि त्यांच्या गाईचा खूर."

सगळे हसले, ओकेलोसर सोडून. ते म्हणाले, "पुढच्या शनिवारपर्यंत विषय निघाला नाही, तर तुमच्या परतीची व्यवस्था करावी लागेल."

त्या संध्याकाळी केसरीनाथने घरी फोन लावला. मृणालीला सगळे सांगत असतानाच राहीबाईने तिच्या हातातून फोन घेतला.

"म्हातारा मानूस हाय, त्याला पहिल्या दिवशी नको इचारू, बराबर हाय. पन आता आठवडा झाला ना? अजून बसून काय अंडी उबवतोस?"

"त्यानं आधी काढला पाहिजे ना विषय."

"त्याला काय भाड्यानं द्यायचाय? गरज तुझी हाय, त तूच बोल. आनि बॅग भरू नको. मी सांगितलाय तुला."

पुढचा आठवडाभर केसरीनाथ रोज किमानीबाबांकडे गेला. गाईचा खूर बरा झाला. किमानीबाबा चुळबुळ करतील, "मग, काय काम काढलंत?" असे विचारतील, म्हणून तो वाट बघत राहिला. ते चुळबुळ करीनात. असा मालक त्याने भिवंडी तालुक्यात पाहिला नव्हता. शुक्रवारची उन्हे उतरायला आली, तेव्हा केसरीनाथने आयुष्यात पहिल्यांदा विषय आधी काढला.

"बाबा, मी एका कामासाठी येत होतो."

"मला वाटलंच," किमानीबाबा म्हणाले.

मग तो बोलला. पोटमाळ्यावरचा हॉल, ते रविवार, आपण तिथे बसून राहिलो ते, आईने आळीभर केलेला आरडाओरडा आणि तरी तिने 'पुरा करून ये' म्हणून कसे पाठवले ते, प्रभूने आपल्याला कधी घाई केली नाही ते. इंग्रजी अडले तिथे मराठीत बोलला. सगळे संपल्यावर किमानीबाबांनी त्याच्या कपात चहा ओतला आणि म्हणाले, "छान सांगितलंत. मी या गावच्या चर्चचा पाळक होतो. म्हातारपणी निवृत्त झालो."

केसरीनाथने कप खाली ठेवला. "मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाही. आणि नव्या पाहुण्याला आपला हुद्दा काय सांगायचा? बरं दिसत नाही."

केसरीनाथने कप पुन्हा उचलला. त्याने विचारले, "बाकीच्या जोड्या येतात का तुमच्याकडे?"

"येतात की. टेकडी उतरलं की माझंच घर पहिलं. दारात उभं राहून सगळं सांगतात. मी ऐकतो, आमेन म्हणतो. मुलं खूश होऊन जातात."

शनिवारी केसरीनाथ उभा राहिला.

"विषय निघाला?" ओकेलोसरांनी विचारले.

"निघाला."

"कोणी काढला?"

"मी."

"मग?"

"ते आधीपासूनच ख्रिस्ती आहेत. पाळक होते."

ज्या जोड्यांनी गेल्या शनिवारी 'निळ्या पत्र्याच्या घरातल्या आजोबांनी प्रभूचा स्वीकार केला' असे सांगितले होते, त्या खाली बघू लागल्या. चिलेशेबाई त्यांतल्याच एका जोडीत होत्या. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

ओकेलोसरांनी चष्मा पुसला. पुसायला बराच वेळ लागला. "पण तुम्ही बोललात ना?"

"सगळं बोललो."

"मग राहा. सोमवारी नवीन घर. आणि विषय पहिल्याच दिवशी."

"दुसऱ्या दिवशी?"

"पहिल्या."

केसरीनाथने मान हलवली. समोरचा आता भावात खाली उतरणार नाही, हे त्याला ओळखता येत होते. "पहिल्याच दिवशी. पण पाणी पिऊन झाल्यावर."

ओकेलोसरांनी विचार केला. "पाणी पिऊन झाल्यावर," ते म्हणाले.

सोमवारी चिलेशेबाई पुन्हा त्याच्याबरोबर निघाल्या. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही. नव्या घरातल्या बाईने दार उघडले, दोघांना बसवले आणि पाण्याचा भलामोठा जग भरून आणला.

केसरीनाथ ते पाणी सावकाश प्यायला.