घंटेची धर्ममाता

यूसेबियाच्या तोंडाला गावात कुणी लागत नसे. चौकात तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, विकायची. मक्याच्या पानातून वाफ निघत असायची, पण गिऱ्हाइकानं घासाघीस केली की टोपलीवर फडकं टाकून म्हणायची, "जा, घरी जाऊन कणीस चाव."

तिचा नवरा चांदीच्या खाणीत मेला, एकुलती एक लेक रोसेंदा लहानपणीच देवीच्या साथीत गेली. चर्चमागच्या दफनभूमीत लेकीशेजारची जागा तिनं स्वतःसाठी राखली होती. तिथलं गवत कुणाला काढू द्यायची नाही. मी शेजारीण, पण मलाही नाही.

चर्चची मोठी घंटा ओतली तेव्हा हिनं आपली तांब्याची कढई भट्टीत दिली होती. म्हणून घंटेचा बाप्तिस्मा झाला, लूस नाव ठेवलं, तेव्हा धर्ममाता हीच.

पुढं आमच्या पाद्रे निकानोरनी स्पेनच्या राजाविरुद्ध माणसं उभी केली. तोफेला धातू हवा होता. पोरं घंटा उतरवायला दोर घेऊन मनोऱ्यावर चढलीसुद्धा. पाद्रेंनी त्यांना खाली बोलावलं आणि भर बाजारात टोपी काढून यूसेबियासमोर उभे राहिले.

"यूसेबियाबाई, लूस तुमची. देता का?"

"नाही म्हणायची सोय आहे का?"

"आहे. नाही म्हणालात तर घंटा जागची हलणार नाही. आणि हो म्हणण्याआधी ऐका. बिशपांचा हुकूम आलाय. बंडाला मदत करील तो धर्माबाहेर. मेल्यावर दफनभूमीत जागा मिळायची नाही."

यूसेबिया किती तरी वेळ फडक्याची टोकं सारखी करत बसली.

"न्या," ती म्हणाली. "तमालेही न्या. उपाशीपोटी कसली डोंबलाची लढाई करताय!"

मूर्ख बाई! मला इतका राग आला की कित्येक दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

तोफ पहिल्याच बाराला फुटली. राजाच्या शिपायांनी पाद्रेंना पकडून भिंतीशी उभं केलं आणि गोळ्या घातल्या. त्यांच्या जागी नवा पाद्री आला, माणूस तसा वाईट नव्हता. यूसेबियानं अंथरूण धरलं तेव्हा आपणहून घरी आला.

"घंटा जबरदस्तीनं नेली, एवढंच म्हणा. लेकीशेजारी जागा देतो."

"म्हण की गं मेले!" मी तिला हलवलं. "तुझं काय जातंय?"

"लग्न बापानं ठरवलं," ती म्हणाली. "नवऱ्याला मुकादमानं खाणीत नेलं, पोरीला देवीनं. मला कुणी विचारलं? जन्मात एका माणसानं विचारलं. त्याला आता चोर म्हणू?"

पाद्री गेल्यावर मात्र भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडली. "माझी पोर एकटी पडली गं," एवढंच म्हणत राहिली. मीही रडले. दुसरं काय करणार?

ती गेली. दफनभूमीच्या भिंतीबाहेर, निवडुंगाच्या कडेला तिला पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चौघी बायका कुदळी घेऊन दफनभूमीत शिरलो. पापाचं काय ते वर गेल्यावर बघू, म्हटलं. कुदळीच्या आवाजानं पाद्री झोपेतून उठून खिडकीत आला. आम्ही कोणती कबर उकरतोय ते त्यानं पाहिलं, आणि खिडकी लावून घेतली.

यूसेबियाला आत घेता येत नव्हतं, म्हणून आम्ही रोसेंदाला बाहेर आणलं. एवढ्याशा पोरीची हाडं ती, माझ्या शालीत मावली.