चैत्रगौरीपुढची चिनी नाणी

घासली. हो, मीच घासली. चिंच, मीठ आणि जुन्या धोतराचा बोळा घेऊन, देवाची उपकरणी घासावीत तशी अकरा नाणी मी लखलखीत केली आणि वर ताटात मांडून आमच्या ह्यांना दाखवली. "बघा, कशी सोन्यासारखी झाली!" नाण्यांतलं ह्यांना काही कळत नव्हतं, मलाही नव्हतं. दोघंही खूश. हजार वर्षांत त्या नाण्यांवर जो हिरवा थर चढला होता तो मोरीतून वाहून गेला आणि आम्ही चहा पीत बसलो.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ज्यांनी मला हिणवलं ते ह्याच गोष्टीवरून. आता मला सांगा, तांब्यापितळेवर हिरवं दिसलं की आमच्या घरात दुसरं काय करायचं? कळकलेल्या भांड्यात ताक विरजलं तर घरादाराचं पोट बिघडतं. माझ्या आईने मला सहाव्या वर्षी मोरीवर बसवून हे शिकवलं होतं. नाण्यांचं शास्त्र शिकवायला कोणी आलं नव्हतं.

तेव्हा आम्ही लक्ष्मीबाई नगरला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. हे केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. चीनशी लढाई होऊन दोनतीन वर्षं झाली असतील. जनपथच्या फुटपाथवर एक तिबेटी बाई पोवळी, पिरोजे, असलं काहीबाही मांडून बसायची. तिच्या कमरेच्या गोफाला चौकोनी भोकाची नाणी ओवलेली होती आणि ती हलली की वाजायची. मला त्या आवाजाचीच भूल पडली.

"ये क्या है?"

"पुराना. चीन का."

"कितना पुराना?"

तिला हिंदी बेताचंच. तिने हात खांद्यावरून मागे नेला, पुन्हा मागे नेला, पुन्हा नेला. आजीची आजी, तिची आजी. मग हसून हात सोडून दिला. दर पंधरा दिवसांनी मी तिच्याकडे जायला लागले आणि जाईन तेव्हा एखाददोन नाणी आणायला लागले.

प्रत्येक नाण्यावर चार अक्षरं. मला ती वाचायचीच होती. लायब्ररीतून ह्यांच्या कार्डावर एक जाड पुस्तक आणलं. पुस्तक इंग्रजी, मी सातवी पास. पण चित्र बघायला इंग्रजी लागत नाही. अक्षरं हाताला वळेनात म्हणून एक दिवस सकाळी सडा घातल्यावर मी ती दारातच रांगोळीने काढली. मधे चौकोन, चारी बाजूंना चार अक्षरं. झक्क आली होती हो! हे ऑफिसला निघाले, बुटाची नाडी बांधताना खाली पाहिलं आणि पांढरेफटक पडले.

"अगं, हे काय? सरकारी क्वार्टर आहे हा! दारात चिनी लिहून ठेवलंयस!"

"नाण्यावरचं आहे."

"ते तू सांगशील. सायकलवरून जाणाऱ्याला कोण सांगणार?"

आणि बूट घातलेले तसेच आत जाऊन बादली आणून ओतली त्यांनी. मी भांडले नाही. ह्यांच्या नोकरीचा प्रश्न होता. पण दार लोटलं आणि स्वयंपाकघरात पाटाखाली तीच अक्षरं पुन्हा काढली. रोज काढायची, पुसायची. अशी मी तीसेक नाणी वाचायला शिकले.

शहरात नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी बैठक. सभासद हे झाले, कारण अर्जावर नोकरीचा हुद्दा लिहायला लागायचा, आणि गृहिणी हा हुद्दा त्यांच्या फॉर्मात बसत नव्हता. मी 'सोबत' म्हणून जायची. पहिल्याच बैठकीला मी माझी अकरा सोन्यासारखी नाणी रुमालातून काढली. मंडळाचे सेक्रेटरी रिटायर्ड गृहस्थ, सूटबूट, खिशात भिंग. त्यांनी एक नाणं उचललं, भिंग लावलं, काढलं.

"भाभीजी, ये किसने किया?"

"मैंने."

"किस चीज़ से?"

"इमली से."

खोलीभर हसू. आणि सेक्रेटरी म्हणतात कसे, "शुक्र है, कुतुब मीनार तक आपकी इमली नहीं पहुँची!"

तेव्हा मला कळलं की तो हिरवा थर म्हणजेच नाण्याचं वय. तो गेला की जाणकाराच्या लेखी नाणं मेलं. मी घरी येऊन रडले नाही. बसमध्ये रडले. घर येईपर्यंत डोळे कोरडे केले.

पण गेले पुन्हा. दर महिन्याला. मागच्या खुर्चीवर बसून ऐकायची. पुढची सातआठ वर्षं मी एकाही नाण्याला पाण्याचं बोट लावलं नाही. माझ्याकडे साठावर नाणी झाली आणि काशाची दोन बाणाची टोकं आली. ती टोकं त्या तिबेटी बाईच्याच घरातली. बोटाच्या पेराएवढी, तीन धारांची, बुडाशी पोकळ. हिरवीकाळी. त्यांच्याकडे म्हणे शेतात, डोंगरात असलं काही सापडलं की ते आकाशातून पडलं असं मानतात आणि लेकराच्या गळ्यात घालतात, बाधा होऊ नये म्हणून. दोरा घासून घासून एका टोकाला खाच पडली होती. पैशाने द्यायला ती तयार नव्हती. एकदा पावसात ती आमच्याकडे आली, शेल्फावरचा माझ्या माहेरचा पितळी डबा हातात घेतला आणि खाली ठेवीचना. मी म्हटलं, "ले जाओ." पुढच्या खेपेला तिने गळ्यातला दोरा काढून माझ्या हातावर ठेवला.

मग मंडळाचं प्रदर्शन ठरलं. मोठा हॉल, प्रत्येकाला एक टेबल, टेबलावर नावाची पाटी. चिनी नाणी दुसऱ्या कोणाकडे इतकी नव्हती, टोकं तर कोणाकडेच नव्हती. मला टेबल हवं होतं. आयुष्यात एवढी इच्छा मी दुसऱ्या कशाची केली नाही, लग्नातल्या शालूचीसुद्धा नाही. सेक्रेटरींनी टेबल दिलं, पण दोन अटी घातल्या. पाटीवर नाव सभासदाचं, म्हणजे ह्यांचं. आणि ती अकरा इमलीवाली नाणी आणायची नाहीत, मंडळाचं हसं होतं.

मी म्हटलं, "नाम मेरा. और ग्यारह भी आएँगे."

"भाभीजी, ज़िद मत कीजिए."

आता त्या अकरात एक असं आहे की त्याच्या मागच्या बाजूला नखाएवढी चंद्रकोर आहे. चीनमध्ये गोष्ट सांगतात, की त्या नाण्याचा मेणाचा नमुना राजाला दाखवायला आणला, तेव्हा राणीने हातात घेऊन पाहिला आणि तिचं नख उमटलं. खोडायची हिंमत कोणाला झाली नाही. मग हजारो नाणी नखासकट पडली. मी ती गोष्ट सेक्रेटरींना सांगितली. ते म्हणाले, "किस्सा है, प्रमाण नहीं." असेल किस्सा. मी म्हटलं, तिच्या नखाला तुम्ही भिंग लावून बघता, आणि माझ्या चिंचेला हसता?

टेबल गेलं. हे घरी म्हणाले, "नाव माझं लागलं असतं तर काय बिघडलं असतं? मी का वेगळा आहे?"

"रांगोळी पुसायला वेगळे होतात ना?"



चैत्र लागला होता. आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू असायचं. पायऱ्यापायऱ्यांची आरास करायची, कोणी खेळणी मांडतं, कोणी फराळाचे पदार्थ, कोणी विणकाम. मी खोक्यांच्या पाच पायऱ्या केल्या, पांढरी चादर घातली, वर पाळण्यात गौर, आणि खाली सगळ्या पायऱ्यांवर नाणी. अकरा घासलेली मधल्या पायरीवर, खाली टोकं. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात माझं नाव लिहिलं, त्याखाली लिहिलं: हा संग्रह माझा आहे. ही अकरा नाणी मी चिंचेने घासली, तुम्ही घासू नका.

बायका आल्या आणि दारातच थबकल्या.

"वहिनी, चीनचं? गौरीपुढे?" शेजारीण म्हणाली. "आपली माणसं गेली हो तिकडे."

कॅन्टोन्मेंटमधून एक फौजीची बायको आली होती, सातारकडची. नवरा लढाईवर जाऊन परत आलेला. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, ही आता उठून गेली तर सगळ्या जातील. ती पुढे झाली, बाणाचं टोक उचललं, अंगठा फिरवला.

"आगं बया, अजून धार हाय की! ह्ये कशाला घालत्यात गळ्यात?"

"लेकराला बाधा होऊ नये म्हणून."

"आमच्याकडं वाघनख घालत्यात. त्येच की." आणि तिथेच मांडी घालून बसली. "द्या पन्हं. उन्हातनं आले."

मग बाकीच्या बसल्या. एकेकीने नाणी हातात घेतली, भोकातून एकमेकींकडे पाहिलं, कैरीची डाळ लागलेल्या बोटांनी सगळं चिवडलं. शेजारणीने सगळ्यांत शेवटी एक उचललं, तेही घासलेल्यांतलं. "कळकलेलं असतं तर मीही घासलंच असतं," म्हणाली.

आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. पुढच्या वर्षी गौरीच्या दिवशी सेक्रेटरी दारात हजर. बायकांच्या समारंभात पुरुष, म्हणून ह्यांनी त्यांना दारापाशी खुर्ची दिली. पण ते आरशीसमोर उभं राहावं तसे आरासीसमोर उभेच राहिले. चष्मा पुसून त्यांनी पुठ्ठा वाचला. मराठी लिहिलेलं, पण लिपी तीच, कळलं त्यांना.

"इस बार प्रदर्शनी में नाम आपका लगेगा," ते म्हणाले. "टेबल भी सामने का. तीर ज़रूर लाइएगा. बस वो ग्यारह…"

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हो म्हण ना आता. मलाही मोह झाला. समोरचं टेबल, माझं नाव. आठ वर्षं मागच्या खुर्चीवर काढली होती मी.

"ग्यारह आएँगे," मी म्हटलं.

"तो मुश्किल है."

"तो रहने दीजिए. पन्हा लीजिए, ठंडा है."

पन्हं त्यांनी दोन ग्लास घेतलं. ते गेल्यावर ह्यांनी रिकामा ग्लास उचलला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सामने का टेबल होतं." मी म्हटलं, "होतं." तेवढ्यात जिन्यात बांगड्या वाजल्या, क्वार्टरमधल्या नव्या सुना आल्या होत्या, हात मागे बांधून आरास बघायला लागल्या.

"मागे काय उभ्या राहता गं?" मी म्हटलं. "घ्या, हातात घ्या."