उलट लागलेली बाही

शैलजा देवरेशी माझं पहिलं भांडण दारावरून झालं. सुरतेत, कतारगामच्या आमच्या लॅबमध्ये मी बाहेर बसून रक्त काढते आणि ती आत, काचेच्या दारापलीकडे, मशीनवर ते तपासते. बाहेर एखादं लेकरू रडायला लागलं की ती आतून दार लावून घ्यायची. एकदा मी तोंडावरच विचारलं, "टोचते मी, रडतं लेकरू, आणि त्रास तुला होतो होय गं?" ती म्हणाली, "उषाताई, बाळाचं रडणं ऐकलं की माझा हात कापतो. माझ्या कामात हात थरथरून चालत नाही." मला ते निव्वळ नाटक वाटलं.

शैलजाचं माहेर धुळ्याचं, सासर इथलंच, सुरतेतल्या उधन्याचं. सासूबाई घरीच ब्लाउज शिवतात आणि सूनबाई सुट्टीच्या दिवशी त्यांना मदत करते. मदत कसली, उसवते! बाही जरा ओढली की ही टाके काढायला बसलीच. सासूबाई एकदा लॅबमध्ये आल्या होत्या तेव्हा माझ्यापाशी कुरकुरल्या, "गिऱ्हाईक चालतंय म्हणतं, पण हिला चालत नाही." मी म्हटलं, "इथेही तेच आहे हो." तिचे रिपोर्ट उशिरा येणार आणि बाहेर लोकांच्या शिव्या मी खाणार, हे आमच्याकडे ठरलेलंच.

मग शीतल आली. सुरतेजवळच्या सचिन गावात पॉवरलूमवर नवरा कामाला, पहिलंच बाळंतपण. सव्वा महिना आतल्या खोलीत काढलेला, खिडकीला जाड चादर, वारा नाही की ऊन नाही. तो सव्वा महिना संपला तरी घरातल्यांनी चादर काढली नव्हती. बाळाला झटके यायला लागले तेव्हा कुठे दवाखाना गाठला. डॉक्टर मानसी पाटलांनी रक्तातलं कॅल्शियम पाहिलं तर ते फार कमी. आता व्हिटॅमिन डी बघायचं, म्हणून त्यांनी शीतलला आमच्याकडे धाडलं होतं.

त्या बाळाची शीर सापडता सापडेना. मी या कामात केस पांढरे केलेत, पण त्या दिवशी मला दुसऱ्यांदा टोचावं लागलं. कशीबशी नळीच्या तळाशी थोडी लाली जमली. शीतलने बाळाला छातीशी ओढलं आणि म्हणाली, "बस ताई, आते नका टोचा. मना पोऱ्याना आंगमा रगतच नही राहिनं." मी तिला शब्द दिला, पुन्हा टोचणार नाही.

रिपोर्ट आला: व्हिटॅमिन डी पुरेसं.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. हाडांची लक्षणं सगळी डी कमी असल्याची, आणि आकडा म्हणतो भरपूर आहे. आकडा खरा असेल तर वरून मोठा डोस देणं धोक्याचं, आणि मग दुखणं दुसरंच काहीतरी, त्यासाठी मुंबईला पाठवावं लागेल. आकडा खोटा असेल तर डोस लगेच सुरू करायला हवा. "मी कॅल्शियमवर त्याला सांभाळते आहे," त्या म्हणाल्या, "पण मला नक्की सांगा."

शैलजाचा डबा त्या दुपारी न उघडताच परत गेला. मी विचारलं, "मशीन बिघडलंय का?"

"मशीन चोख आहे. तीच तर अडचण आहे." तिने मला आत बोलावलं आणि समजावलं, तेही शिवणकामाच्या भाषेत, कारण मशीनची भाषा मला कळत नाही. "हे मशीन म्हणजे नाजूक तराजू. रेणूचं वजन करतं, मग त्याला फोडून तुकड्यांचंही वजन करतं. आता समजा, एक ब्लाउज नीट शिवलाय आणि दुसऱ्याला एक बाही उलटी लागली आहे. कापड तेच, वजन तेच. उसवले तर तुकडेही तेच. मग तराजूला काय कळणार?"

"काहीच नाही. अंगात घातल्यावरच कळेल. हात वर केला की ओढेल."

"अगदी तसंच! डीचा असाच एक जुळा असतो. एका ठिकाणचा एवढासा भाग आरशात पाहिल्यासारखा उलट बसलेला. तान्ह्या बाळांच्या रक्तात तो बराच असू शकतो, आणि शरीराला त्याचा उपयोग फार थोडा. आपलं मशीन दोघांना एकत्र मोजतं आणि वर पुरेसं म्हणून शिक्का मारतं."

म्हणजे तराजूवर जाण्याआधीच दोघांना वेगळं करायचं होतं. मशीनच्या आधी कॉलम नावाची बारीक पोलादी नळी असते, रक्तातून काढलेला अर्क तिच्यातून जातो. रोजच्या कॉलममधून हे जुळे हातात हात घालून बाहेर पडत. दुसऱ्या जातीचा कॉलम शैलजाने केव्हाच मागवून ठेवला होता आणि उलट्या जुळ्याची शुद्ध कुपीही फ्रीजरमध्ये होती. पण त्या कॉलमवर काम सावकाश चालतं, आणि आमचे मालक नितीनभाई सावकाश या शब्दालाच घाबरतात. "शैलजाबेन, बीजा सेम्पल पड्या छे," ते बाकीच्या नमुन्यांकडे बोट दाखवत दारातून म्हणाले. तिने मान वर न करता उत्तर दिलं, "पडू द्या. हे बाळ थांबणार नाही."

खरी गोम पुढेच होती. बाळाचं रक्त उरलं होतं जेमतेम एका तपासणीपुरतं. ते वाया गेलं की संपलं, कारण मी शब्द देऊन बसले होते.

"मग आधी माझं रक्त काढा," ती म्हणाली आणि बाही वर केली.

तिने स्वतःच्या रक्तात कुपीतला जुळा मिसळला आणि सराव सुरू केला. पडद्यावर रेघ चढायची आणि एकच जाडजूड डोंगर दिसायचा. तिने अर्क वाहून नेणारा द्रव बदलला, कॉलम थंड केला. डोंगराला एका बाजूने खांदा फुटला. मी म्हटलं, "झालं की! दोन दिसले." ती म्हणाली, "चिकटलेत अजून. शिवण कुठे संपते ते दिसत नाही, मग कापू कुठून?" पुन्हा द्रव, पुन्हा थंडी, पुन्हा माझी सुई आणि तिचा दंड. मला राग येत होता, तिच्यावर नाही, त्या हट्टी डोंगरावर. अखेर रेघ चढली, उतरली, तळाला टेकली आणि मग पुन्हा चढली. मध्ये स्वच्छ मोकळी जागा. तिने तेच पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि मगच बाळाची नळी हातात घेतली.

तेव्हा तिचा हात पाहिला मी. जरासुद्धा कापला नाही.

रेघ चढली, पहिला डोंगर झाला. ठेंगणा. खरं डी एवढंच होतं. मग दुसरा उठला, त्याच्या कितीतरी वर. पुरेसं म्हणून आम्ही जे सांगितलं होतं, त्यातलं बहुतेक सगळं उलट्या बाहीचं होतं.

तिने लगेच फोन लावला. "डॉक्टर, खरं डी फार कमी आहे. सुरू करा." एवढं बोलून ती खुर्चीत बसली आणि रडली. मी तिला पाणी दिलं आणि मीही डोळे पुसले, खोटं कशाला सांगू.

बाळाचे झटके थांबले. शीतलच्या घरची खिडकीवरची चादर डॉक्टरीणबाईंनी काढायला लावली. मला वाटलं, संपलं. पण शैलजाचा डबा पुन्हा तसाच परत जायला लागला.

"उषाताई, याआधी आपण जितक्या तान्ह्यांना पुरेसं म्हटलं, त्यांचं काय?"

नितीनभाई हादरले. लॅबचं नाव जाईल म्हणाले. ती म्हणाली, "रिपोर्टखाली सही माझी आहे. तेव्हा आपल्याला जेवढं कळत होतं तेवढं लिहिलं, आता जास्त कळतंय. फोन मीच करते, बोल मला लागू देत." नितीनभाईंनी जुन्या रिपोर्टांची यादी स्वतः चाळली. मग म्हणाले, "बोलवा. पैसे नाही घ्यायचे."

आया बाळांना घेऊन आल्या. काही भांडत, काही घाबरून. बाहेरच्या खोलीत एक बाळ रडलं की सगळी रडायला लागली. मी पहिल्याला मांडीवर घेतलं आणि सवयीने काचेच्या दाराकडे पाहिलं, आता ती लावून घेणार म्हणून. दार लागलं नाही. शैलजा बाहेर आली, माझ्यासमोर खाली बसली आणि तिने त्या बाळाचा इवलासा पाय हातात धरला. बाळ टाहो फोडत होतं. तिचे हात थरथर कापत होते.

"टोचा," ती म्हणाली. "मी धरलंय."