बंड्याच्या थाळीपाशी बसलेले मामा

समोरचा माणूस तावातावानं बोलू लागला की पंपवाले मामा त्याच्याकडे बघायचेच नाहीत. मान वळवून खाडीकडे पाहत राहायचे, हातानं स्टूल पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "बसा, बसा. घाई कोनाला हाय?"

वाशीतल्या आमच्या वसाहतीला पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. इमारती नव्या, झाडं गुडघ्याएवढी, पाणी दिवसातून एकदाच. मामा शेजारच्या गावचे. त्यांच्या मिठागराच्या जागी आता आमचे जिने उभे होते, पण त्याबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. एकदा आमचे सेक्रेटरी पाण्यावरून भांडायला पंपघरात शिरले. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मामांनी दिलेल्या शेवग्याच्या शेंगा होत्या आणि भांडायचं राहून गेलं होतं.

माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो बंड्यामुळे. दिघ्याला आमच्या कारखान्याच्या फाटकाशी एका कुत्रीला सहा पिल्लं झाली होती. त्यातलं एक, तीन महिन्यांचं, मी माझ्या सात वर्षांच्या लेकीसाठी, वैशूसाठी, घरी आणलं. दोन दिवस कौतुकात गेले. मग थाळीजवळ कुणी आलं की बंड्या गुरगुरू लागला, दात दाखवू लागला. मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला फटके दिले. गुरगुरणं थांबलं. आपल्याला कुत्रं सांभाळता येतं, अशी माझी समजूत झाली. आठवडा झाला नसेल, वैशू त्याची थाळी उचलायला वाकली आणि त्यानं आवाजही न करता तिच्या मनगटाला चावा घेतला.

डॉक्टरांनी जखम धुतली आणि सांगितलं, पिल्लू दहा दिवस नजरेसमोर बांधून ठेवा. धडधाकट राहिलं तर ठीक, नाहीतर पोटात चौदा इंजेक्शनं. बायकोनं तेव्हाच सांगून टाकलं की अकराव्या दिवशी ते घरात दिसता कामा नये. मी त्याला मागच्या अंगणात बांधलं. वैशूनं त्या अंगणाचं दार आतून लावून घेतलं आणि ती त्या बाजूला फिरकेनाशी झाली.

मामांना हे कळलं ते आमच्या अंगणातला व्हॉल्व्ह बघायला आले तेव्हा. बंड्या साखळीला हिसके देत भुंकत होता. मामा त्याच्यापासून दहा हातांवर, त्याच्याकडे पाठ करून बसले. तुम्ही पाहिलं असतंत तर वाटलं असतं, म्हातारा ऊन खात बसलाय.

"रागीट नाय तो, भाऊ," ते म्हणाले. "भ्यालाय. सहा पिलं एका भांड्यावर वाढली. कोन आला की जेवन जातं, येवढंच त्याला ठाव हाय."

मी वर्तमानपत्राचं सांगितलं. ते मान न वळवता म्हणाले,

"गुरगुरत होता तवा तो सांगत होता तुमाला. तुमी त्याचं सांगनं बंद केलंत."

इतक्या हळू आवाजात मला कुणी कधी रागावलं नव्हतं.

त्या दिवसापासून पाळी संपली की ते येत. बंड्या जेवत असताना लांबून त्याच्या थाळीत सुक्या बोंबलाचा तुकडा टाकत. थाळीला हात लावत नसत. रोज वीतभर पुढे सरकत. सहाव्या दिवशी बंड्या अंगावर धावला. मामा उठले, पुन्हा दहा हातांवर जाऊन बसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आता दिवस पुरायचे नाहीत असं मी म्हणालो, तर त्यांनी मलाही बसायला सांगितलं.

एवढ्यात मला खिडकी किलकिली झालेली दिसली. आत वैशू होती. मामांनीही पाहिलं असणार, पण तिला हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी खिडकी पूर्ण उघडी होती. नवव्या दिवशी ती मामांच्या पाठीमागे, त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून बसली.

दहावा दिवस उजाडला तेव्हा बंड्या ठणठणीत होता. इंजेक्शनं टळली. संध्याकाळी मामांनी बोंबलाचा तुकडा मागे केला. तो वैशूनं घेतला, हात लांब करून थाळीत टाकला. बंड्यानं खाणं थांबवलं, तिच्याकडे पाहिलं आणि शेपटी एकदा जमिनीवर आपटली. बायको दारात उभी होती. तिनं रात्री बंड्याच्या भाताचा वाटा वाढवला, तेव्हा मी समजलो.

बंड्या आमच्याकडे राहिला. थाळीजवळ कुणी आलं की तो पुढे अपेक्षेनं मान वर करायचा.

मामा काही वर्षांनी निवृत्त झाले आणि उलव्याला लेकीकडे राहायला गेले. एका रविवारी मी वैशूला घेऊन त्यांना भेटायला गेलो. त्यांना ऐकायला कमी येत होतं. ओट्यावर बसल्यावर त्यांनी पहिला प्रश्न तिलाच केला.

"बाय, आता भीती नाय ना वाटत?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. "बरं झालं," ते म्हणाले आणि लेकीला चहा टाकायला सांगितलं. बंड्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. ते दहा दिवस मामा कुणासाठी येत होते, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

पुढच्या वर्षी ते गेले. मला आठवते ती त्याच रविवारची संध्याकाळ. आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला ते शेतातल्या अरुंद बांधावरून पुढे चालले होते, दोन्हीकडे भाताचं पाणी होतं, आणि मागे वैशू, चपला हातात घेऊन, त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवत येत होती.