टेपची दोन टोकं

"फोन खोटं बोलत नाय, काका. दोन गुंठे जास्त हाय तुझ्याकडं. साडेतीन मीटर बांध सरकवलास."

"फोन राबला का रं या बांधावर? चिखल चढवला त्याने?"

"विषय बदलू नको."

"मी कुठं बदलतोय? काल तुझा विषय विहीर, परवा रस्ता, आज फोन."

"बघ तरी. ही हिरवी रेघ दिसते? हे तुझं शेत. मी स्वतः चालून काढलंय."

"दाखव."

रितेशने फोन पुढे केला आणि त्याच्या काकाने, दाजीने, कोयत्याची उलटी बाजू त्यावर हाणली. फोन वालाच्या रोपांत जाऊन पडला. रितेशच्या अंगठ्याचं नखही त्याच्याबरोबर गेलं. त्याने अंगठ्याकडे एकदा बघितलं, मग टिकाव उचलला आणि बांधावर घातला. एक, दोन, तीन. चौथा घाव दाजीच्या पायापासून वीतभर अंतरावर बसला. दाजीने कोयता सरळ करून धरला.

"गाडी नागोठण्याला अडकली," मागून कुणीतरी म्हणालं. "तोवर तुम्ही मोजायला सुरुवातपण केलीत?"

तो हाशिम, बांध मोजायला बोलावलेला. रोह्याहून जिते स्टेशनला उतरून, खांद्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची लोखंडी काठी आणि बगलेत पिशवी घेऊन तो पायवाटेने आला होता. डावा हात कोपरात वाकलेला. तो हात सरळ होत नाही.

हाशिमने बावीस वर्षं शारजात काढली. मोजणीच्या कंपनीत साहेब दुर्बिणीत बघायचा आणि हाशिम उन्हात काठी धरून उभा राहायचा. परत आला तेव्हा लोकांनी सोनं आणलं का विचारलं. त्याने पन्नास मीटरचा स्टीलचा टेप दाखवला. आता पेण आणि रोह्याच्या गावांतून त्याला बोलावणं येतं. सरकारी मोजणीची तारीख लागायच्या आधी आपलं कुठवर आहे ते कळावं म्हणून. बोलावताना लोक हमखास विचारतात, हाशिमभाय, कुठलं अॅप टाकू?

"काय मोजायचंय?" तो उलट विचारतो. "खिडकीचा पडदा शिवायचा असेल तर कॅमेऱ्याने मोजणारं टाक. चार बोटं इकडं तिकडं झालं तर पडदा रडत नाय. सकाळी किती चाललास बघायचं असेल तर पावलं मोजणारं टाक. लेझर पायजे तर घराच्या आत, भिंत ते भिंत. उघड्यावर उन्हात त्याचा लाल ठिपका शोधत बसशील."

"आणि बांध?"

"बांधाला फोन खिशात ठेव. आणि कोयता घरी."

त्याची बायको अमीना म्हणते, हा माणूस टेप जेवढ्या मायेने पुसतो तेवढ्या मायेने त्याने पोरांची नाकंसुद्धा पुसली नाहीत. हाशिम म्हणतो, पोरांना गंज चढत नाही.

हे सगळं तो गडब गावात शिकला. सात वर्षांपूर्वी नवा फोन घेतला होता, अॅप नवं होतं, आणि आंब्याच्या झाडांखालून चालत त्याने एका शेताची हद्द काढून दिली. झाडांखाली फोन चार मीटर चुकला. तो चुकीचा आकडा घेऊन शेतवाला सख्ख्या भावाच्या दारात गेला आणि पहारीने त्याची मांडी मोडली. दुसऱ्या दिवशी त्या भावाच्या मुलाने फावड्याचा दांडा घेऊन हाशिमला गाठलं. कोपर फुटलं तेव्हा वाळका बांबू मोडल्यासारखा आवाज आला होता, असं हाशिम सांगतो. त्या मुलावर त्याने तक्रार केली नाही. आकडा माझाच होता, म्हणाला.

तेव्हापासून त्याची एक रीत आहे. टेपचं एक टोक एका भांडणाऱ्याच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. दोघांनी दोन्ही हातांनी ताणून धरायचं, वाचायचं त्याने. मग टोकं अदलाबदल करून पुन्हा. टेप धरला की हत्यार धरायला हात उरत नाही.

"कोयता खाली," तो दाजीला म्हणाला. "टिकाव पण. वाटणीपत्र आणा."

दाजीची बायको हौसा कागद घेऊन आली. दाजीच्या कडेच्या दगडापासून बांधाच्या मध्यापर्यंत एकतीस मीटर चाळीस, असं लिहिलेलं होतं. हाशिमने बांधाच्या मध्यावर काठी रोवली आणि रितेशकडे वळला.

"दाजीचं शेत चालून काढलंस तेव्हा कुठून चाललास?"

"बांधावरून. आत वाल हायत, तुडवून कसं चालेल?"

"बांधाच्या कुठल्या अंगाने?"

रितेशने बांधाची आपल्या शेताकडची कड दाखवली.

"बाहेरच्या अंगाने चाललास. म्हणजे चारी बाजूंचे बांध दाजीला देऊन टाकलेस. वरून फोनने आपल्या मनचं दोन-तीन मीटर घातलं. साडेतीन मीटर फोनात असतील, जमिनीत नायत."

दाजी हसला. "ऐकलंस?"

"तू हसू नको," हाशिम म्हणाला. "अजून टेप लावला नाय."

हौसाने चहाचा पेला हाशिमच्या हातात देताना मान खाली घातली आणि ओठ न हलवल्यासारखं बोलली. "बरोबर आलं म्हणून सांगा. दोन पावसाळ्यांपूर्वी यांनी सरकवलाय जरासा. रितेशचे हात बघितलेत ना? मारून टाकील हो यांना."

"भाबी, चुकीच्या आकड्याने माझा हात गेला."

"तुमचा हात गेला. माझा माणूस जाईल."

त्याने चहा अर्धा ठेवला.

दाजी दगडापाशी बसला, रितेश काठीपाशी. टेप ताणला. रितेशच्या अंगठ्याचं रक्त टेपच्या पात्यावरून ओघळून आकड्यांवर आलं. हाशिमने ते बोटाने पुसून वाचलं. टोकं बदलली, पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा बत्तीस मीटर.

"किती?" रितेश म्हणाला.

हाशिमचं लक्ष पात्यावर होतं. खाजणाजवळची खाऱ्या पाण्याने ओली माती, त्यात रक्त. अर्ध्या तासात गंज धरेल. त्याने पिशवीतला तेलाचा फडका काढला आणि टेप गुंडाळायच्या चकतीची मूठ फिरवायला लागला. आकडा सांगायच्या आधी टेप पुसून आत घ्यायचा, ही शारजाची सवय. दाजीने टोक सोडलं. पातं सरसरत मातीवरून निघालं, फडक्यातून जात चकतीत शिरलं. गेल्या सात वर्षांत मात्र त्याने दोघांच्या हातात टेप असतानाच आकडा सांगितला होता. त्या सकाळी विसरला.

"किती, चाचा?"

"साठ सेंटिमीटर. दोन फूट. बांध तुझ्या शेतात आलाय."

रितेशने ओरडाआरडा केला नाही. रोवलेली काठी त्याने उपटली, ती घेऊन दगडापर्यंत धावत गेला, दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि दाजी दगडाजवळून उठत होता तोवर खाली आणली. पहिला घाव खांद्यावर बसला. दाजी "रितेश" एवढंच म्हणाला, लहानपणी हाक मारायचा तसं. दुसरा तोंडावर. काठीच्या टोकाला मातीत रुतण्यासाठी अणी असते. हाशिम मागून धावत येऊन मधे पडला तेव्हा तिसरा त्याच्या पाठीत बसला, तरी त्याने एका हाताने रितेशची कंबर धरून त्याला वालात पाडलं आणि वर बसून राहिला. रितेश खाली हुंदके देत होता. "दोन फूट तर दोन फूट. तो मला खोटा म्हणाला. सगळ्या गावात खोटा म्हणाला."

दाजीचा डावा डोळा दिसत नव्हता. तिथे नुसतं लाल होतं, आणि हौसा पदराचा बोळा करून ते दाबत होती.

पेणच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले. माणूस जगेल म्हणाले, डोळा नाही. हौसा बाकावर बसली. तिच्या शेजारी हाशिम, त्याच्या शेजारी त्याची टेपची पिशवी. सदऱ्यावरचं रक्त वाळून ताठ झालं होतं.

"गडबच्या वेळी आकडा चुकीचा होता," हौसा म्हणाली.

"व्हय."

"आजचा बरोबर होता."

"व्हय."

"मी सांगितलं होतं तुम्हाला. दोन फूट गिळायला काय जड होतं, हाशिमभाय?"

हाशिम उठला. पिशवीकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. मग वाकडं कोपर पोटाशी धरून तो जिन्याकडे गेला. हौसाने मागून पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. तो जिना उतरत राहिला.